ट्रिप्टोफॅन : अन्न की औषध?

आपल्या रोजच्या जेवणातल्या डाळीत, दुधात, शेंगदाण्यात, अंड्यात एक पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात असतो. त्याचे नाव ट्रिप्टोफॅन. तो पोटात गेल्यावाचून माणूस धडपणे जगू शकत नाही. तरीही १९८९ साली अमेरिकेत याच पदार्थाच्या गोळ्या घेऊन दीड हजारांहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतली किमान ३७ दगावली. यांपैकी बहुतेकांना कोणताही दुर्धर रोग नव्हता. रात्री झोप नीट लागावी, मनाची मरगळ जावी, पाळीच्या आधीची चिडचिड कमी व्हावी, एवढ्यासाठी त्यांनी या गोळ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय विकत आणल्या होत्या. बाटलीवर ‘आहारपूरक’ असे लिहिलेले होते.

जे अन्नात रोज असते ते गोळीत घातल्यावर घातक कसे ठरले? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे जायला हवे.

अशुद्ध आम्लाने लावलेला शोध

ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, हे आपण वर्गात सांगतोच. या माळेत मणी वीस प्रकारचे असतात. त्यांपैकी नऊ प्रकार आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागतात. ट्रिप्टोफॅन हे त्या नवांपैकी एक, आणि बहुतेक प्रथिनांत ते इतरांच्या मानाने फारच कमी असते.

त्याच्या शोधाची हकीकत मोठी गमतीची आहे. प्रथिन ॲसिटिक आम्लात मिसळून त्यात संहत सल्फ्यूरिक आम्ल सोडले की जांभळा रंग येतो, ही ॲडमकिविच यांची चाचणी १८७४ पासून माहीत होती. केंब्रिज विद्यापीठात फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेत असताना ही चाचणी एकदा काही केल्या येईना. ‘हात नीट बसला नाही’ असे म्हणून हॉपकिन्स यांनी विषय सोडून दिला नाही. ते आणि त्यांचे सहकारी सिडनी कोल कारणाच्या मागे लागले. तेव्हा असे दिसले की शुद्ध ॲसिटिक आम्ल वापरले तर रंग येतच नाही. रंग येतो तो ॲसिटिक आम्लात अशुद्धी म्हणून असलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लामुळे! मग हे ग्लायॉक्सिलिक आम्ल प्रथिनातल्या नेमक्या कोणत्या घटकाशी संयोग पावते? तो घटक त्यांनी दुधातल्या केसीन या प्रथिनाचे पाचकरसाने विघटन करून १९०१ साली वेगळा काढला. तेच ट्रिप्टोफॅन. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ‘हॉपकिन्स-कोल चाचणी’ करताना परीक्षानळीत जे जांभळे कडे दिसते, त्यामागे ही कथा आहे.

पुढे १९०६ साली हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनी उंदरांवर प्रयोग केले. मक्यातल्या झेइन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसते. निव्वळ झेइनवर ठेवलेले उंदीर लवकर मरत. त्याच आहारात ट्रिप्टोफॅन मिसळले की ते अधिक काळ जगत, हुशारही राहत. मात्र त्यांची वाढ होत नसे, कारण झेइनमध्ये आणखीही उणिवा आहेत. अन्नातला एखादा घटक फार थोडा लागत असला तरी तो अत्यावश्यक असू शकतो, ही कल्पना अशा प्रयोगांतून पक्की होत गेली. जीवनसत्त्वांच्या कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९४५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मक्याच्या आहारावरील उंदरांची खुंटलेली वाढ नायासिन या जीवनसत्त्वाने जशी सुधारते तशीच ट्रिप्टोफॅननेही सुधारते. या चमूत पी. एस. सरमा हे भारतीय शास्त्रज्ञही होते. आज आपल्याला माहीत आहे की शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायासिन बनवते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायासिन. नायासिन कमी पडले की पेलाग्रा हा रोग होतो. त्यात त्वचा काळवंडते, जुलाब होतात आणि मनही बिघडते.

इथे आपल्या दख्खनच्या पठाराचा संबंध येतो. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन यांना पेलाग्राचे रुग्ण आढळत होते, आणि ते मका खाणारे नव्हते. ते प्रामुख्याने ज्वारीवर जगणारे गरीब लोक होते. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते. मग रोग का? गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की ज्वारीत ल्यूसिन हे दुसरे अमिनो आम्ल फार असते आणि त्या अतिरेकाने शरीरातला ट्रिप्टोफॅन-नायासिनचा व्यवहार बिघडतो. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला. भाकरीबरोबर डाळ, भाजी, ताक असले म्हणजे भिण्याचे कारण नाही, हेही सांगायला हवे. पण त्यातला मुद्दा आपण लक्षात ठेवू : अमिनो आम्लांच्या बाबतीत एकट्या घटकाच्या प्रमाणाइतकेच इतरांशी असलेले त्याचे गुणोत्तर महत्त्वाचे असते. पुढच्या कथेत हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

मेंदूकडे जाणारी वाट

मनाचा आणि ट्रिप्टोफॅनचा संबंध जोडला गेला तो सिरोटोनिनमुळे. १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी रक्तातून एक पदार्थ वेगळा केला. तो रक्तवाहिन्या आकुंचित करत असे. त्याला त्यांनी सिरोटोनिन हे नाव दिले. १९५३ साली बेटी ट्वारॉग आणि पेज यांना तो मेंदूतही सापडला. शरीर हा पदार्थ ट्रिप्टोफॅनपासूनच बनवते. चेतापेशी एकमेकींना निरोप पाठवण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांपैकी सिरोटोनिन हे एक.

योगायोग असा की याच सुमारास आपल्याकडची सर्पगंधा जगभर गाजत होती. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या परिणामांबद्दल १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहिला होता. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे झाले. रक्तदाबासाठी रिसर्पीन घेणाऱ्यांपैकी काही रुग्ण उदास होतात, असे डॉक्टरांनी नोंदवले. १९५५ साली असे आढळले की रिसर्पीन दिल्यावर शरीरातला सिरोटोनिनचा साठा घटतो. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर एक तर्क सहज सुचत होता : सिरोटोनिन कमी म्हणजे उदासी. आणि तसे असेल तर सिरोटोनिनचा कच्चा माल, म्हणजे ट्रिप्टोफॅन, पोटात घालून उदासी घालवता येईल का?

१९६३ साली इंग्लंडमध्ये ॲलेक कॉपेन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांना सिरोटोनिनचे विघटन रोखणाऱ्या औषधाबरोबर ट्रिप्टोफॅन दिले. औषधाचा गुण वाढलेला दिसला. ट्रिप्टोफॅनकडे मानसोपचारातले औषध म्हणून पाहिले जाऊ लागले.

पण धोक्याची पहिली सूचना त्याच्याही आधीची आहे. १९६० साली ओट्स आणि शॉर्डस्मा या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवले होते की अशा विघटनरोधक औषधाबरोबर ट्रिप्टोफॅन दिल्यावर रुग्णांमध्ये चेतासंस्थेच्या बिघाडाची लक्षणे दिसली. आज आपण याला ‘सिरोटोनिन सिंड्रोम’ म्हणतो. थरथर, घाम, स्नायूंचे झटके, ताप, गोंधळलेले मन ही त्याची लक्षणे. तीव्र असेल तर जीवावर बेतते. नैराश्यावरच्या आजच्या अनेक गोळ्या सिरोटोनिनवरच काम करतात. म्हणून त्यांच्या जोडीला स्वतःच्या मनाने ट्रिप्टोफॅन घेणे आजही धोक्याचेच आहे. ट्रिप्टोफॅन अगदी शुद्ध असले तरी हा धोका टळत नाही.

इथे एक शंका येईल. डाळ-दूध खाऊन कुणाला सिरोटोनिन सिंड्रोम होत नाही, मग गोळीनेच का व्हावा? याचे उत्तर १९७० नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वुर्टमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आहे. रक्तातून मेंदूत शिरायला ट्रिप्टोफॅनला एक ठरावीक दार लागते. त्याच दारातून ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलॲलनिन हीसुद्धा आत जातात. प्रथिनयुक्त जेवणात ही सर्व मंडळी ट्रिप्टोफॅनपेक्षा संख्येने कितीतरी जास्त असतात. त्यामुळे दाराशी रेटारेटी होते आणि ट्रिप्टोफॅन मागे पडते. उलट निव्वळ पिष्टमय जेवण झाले की इन्शुलिन स्रवते, इतर अमिनो आम्ले स्नायूंत ओढली जातात आणि दाराशी ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी मिळते. रात्रीच्या पेलाभर दुधातल्या ट्रिप्टोफॅनने झोप येते, हे लोकप्रिय स्पष्टीकरण म्हणूनच फारसे पटणारे नाही. दुधात ट्रिप्टोफॅनचे प्रतिस्पर्धीही भरपूर असतात.

रिकाम्या पोटी घेतलेली शुद्ध ट्रिप्टोफॅनची गोळी मात्र ही रेटारेटी टाळून थेट दाराशी पोहोचते. अन्न आणि गोळी यांतला फरक म्हणून केवळ कमी-जास्तीचा नाही. गोळीत ट्रिप्टोफॅन एकटे असते, अन्नात ते कधीच एकटे नसते.

दुकानाच्या फळीवर

१९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत ‘नैसर्गिक’ या शब्दाला मोठा भाव आला. झोपेच्या आणि शामक गोळ्यांच्या सवयीबद्दल लोक धास्तावलेले होते. अशा वेळी दुधात-मांसात असलेले अमिनो आम्ल झोप आणते, मन शांत ठेवते, म्हटल्यावर ते कुणाला नको होते? ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दुकानांत सहज मिळत. काही जण दिवसाला एक घेत, काही जण सहा-आठ घेत. कित्येक डॉक्टरही त्या सुचवत.

कायद्याच्या दृष्टीने या गोळ्यांची जागा मोठी विचित्र होती. औषध म्हणून कोणी अर्ज केला असता तर गुण आणि सुरक्षितता सिद्ध करावी लागली असती, बाजारात आल्यावर दुष्परिणामांच्या नोंदी ठेवाव्या लागल्या असत्या. अन्न म्हणून विकल्यावर यांतले काहीच लागत नव्हते. घेणारा मात्र त्या औषधासारख्याच घेत होता : रोज, मोजून, एका तक्रारीसाठी, महिनोन्महिने. कॅनडात हेच ट्रिप्टोफॅन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध होते.

अमेरिकेत विकले जाणारे जवळजवळ सर्व ट्रिप्टोफॅन सहा जपानी कंपन्यांकडून येत असे. अमेरिकेतले व्यापारी ती भुकटी विकत घेत, तिच्या गोळ्या पाडत आणि स्वतःच्या नावाच्या बाटल्यांत भरत. त्यामुळे बाटलीवरच्या नावावरून मूळ कारखाना कळायला मार्ग नव्हता.

न्यू मेक्सिकोतल्या तिघी

१९८९ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे आणि लॉस अलामॉस या गावांच्या परिसरात तीन स्त्रिया एकाच तऱ्हेच्या आजाराने डॉक्टरांकडे आल्या. स्नायूंत असह्य वेदना, प्रचंड थकवा, आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी कितीतरी पटींनी वाढलेल्या. इओसिनोफिल आपल्या ओळखीचे आहेत. जंत झाले किंवा ॲलर्जी असली की रक्ततपासणीच्या कागदावर ते वाढलेले दिसतात. पण या तिघींना जंत नव्हते, ॲलर्जी नव्हती, कर्करोग नव्हता. डॉक्टरांनी आपसांत टिपणे पडताळली तेव्हा एक समान धागा सापडला : तिघीही ट्रिप्टोफॅन घेत होत्या.

त्यानंतरच्या घटना फार वेगाने घडल्या. ३० ऑक्टोबरला राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले गेले. ‘अल्बुकर्की जर्नल’ या वृत्तपत्राच्या वार्ताहर तमार स्टीबर यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून बातम्या दिल्या. या कामासाठी त्यांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. बातमी पसरताच इतर राज्यांतूनही तसेच रुग्ण पुढे आले. ११ नोव्हेंबरला अन्न व औषध प्रशासनाने जनतेला इशारा दिला आणि १७ नोव्हेंबरला दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा अधिक ट्रिप्टोफॅन देणाऱ्या गोळ्या परत घेण्यास सांगितले. १९९० च्या मार्चमध्ये ही मर्यादाही जवळजवळ काढून सर्वच माल मागे घेतला गेला. नवे रुग्ण येणे झपाट्याने कमी झाले.

रोगाला ‘इओसिनोफिलिया-मायाल्जिया सिंड्रोम’ असे नाव मिळाले. मायाल्जिया म्हणजे स्नायूंचे दुखणे. रुग्णांत मध्यमवयीन स्त्रिया बहुसंख्य होत्या. काहींची त्वचा जाड आणि कडक झाली, काहींच्या नसा निकामी झाल्या, श्वास अडकला. गोळ्या बंद केल्यावरही अनेकांचे दुखणे वर्षानुवर्षे राहिले. मन हलके व्हावे म्हणून घेतलेल्या गोळीने त्यांचे चालणे-फिरणेच हिरावून घेतले.

कारखान्याचा माग

तीन रुग्णांमधला समान धागा हा पुरावा नव्हे, संशय आहे. तिघीही चहा पीत असतील. म्हणून साथरोगतज्ज्ञ तुलना करतात. न्यू मेक्सिकोत अकरा रुग्ण आणि त्यांच्याशी वय वगैरे बाबतींत जुळणारे बावीस निरोगी लोक निवडले गेले. अकराच्या अकरा रुग्णांनी ट्रिप्टोफॅन घेतले होते. बावीस निरोगी लोकांपैकी फक्त दोघांनी.

तरीही एक अडचण उरते. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर डॉक्टर स्नायू दुखणाऱ्या प्रत्येकाला ‘ट्रिप्टोफॅन घेता का?’ असे विचारणार, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याची रक्ततपासणी अधिक काळजीने करणार. आकडे अशाने फुगू शकतात. मिनेसोटातील तुलना म्हणूनच महत्त्वाची. तिथे दोन्ही गट ट्रिप्टोफॅन घेणाऱ्यांचेच होते. एक आजारी पडलेल्यांचा, दुसरा न पडलेल्यांचा. बाटल्यांवरच्या घाण्याच्या क्रमांकावरून मूळ उत्पादक शोधून काढले गेले. ३० रुग्णांपैकी २९ जणांच्या गोळ्या एकाच कंपनीच्या भुकटीच्या होत्या. ३५ निरोगी लोकांत हे प्रमाण २१ होते. ती कंपनी म्हणजे टोकियोची शोवा डेन्को. भुकटी कोणाची हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. बोभाट्याने हा फरक पडणे शक्य नव्हते.

साउथ कॅरोलायना राज्यातील एका मानसोपचार दवाखान्याचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. संशयित गोळ्या घेणारे तिथे १५७ जण होते. त्यांपैकी २९ टक्क्यांना निश्चितपणे हा रोग झालेला होता. दिवसाला ४ ग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत हे प्रमाण निम्मे होते. मात्रा वाढली की रोग वाढतो, हा कार्यकारण संबंधाचा आणखी एक जोरदार पुरावा.

गुन्हेगार कोण?

आता कारखान्यात डोकावू. शोवा डेन्को ट्रिप्टोफॅन बनवायची ते किण्वनाने. बॅसिलस ॲमायलोलिक्वेफेशियन्स हे जिवाणू मोठ्या टाक्यांत वाढवायचे, त्यांनी बनवलेले ट्रिप्टोफॅन गाळून, कोळशाच्या भुकटीवरून नेऊन, शुद्ध करून स्फटिकरूपात काढायचे. १९८८ च्या डिसेंबरात कंपनीने जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेला, अधिक ट्रिप्टोफॅन देणारा नवा जिवाणू-वाण वापरात आणला. १९८९ मध्ये शुद्धीकरणातल्या कोळशाच्या भुकटीचे प्रमाण काही घाण्यांसाठी सुमारे निम्मे केले. काही मालाने एक गाळणीही चुकवली.

हे बदल जवळजवळ एकाच काळात झाले. नेमकी इथेच पंचाईत झाली. नवा वाण आणि कमी कोळसा बहुतेक घाण्यांत बरोबरीने आलेले असल्यामुळे दोष कोणाचा हे आकड्यांवरून वेगळे काढता येईना. जनुकीय अभियांत्रिकीचे विरोधक वाणाकडे बोट दाखवतात, समर्थक कोळशाकडे. आमच्या मते उपलब्ध पुराव्यावरून दोघांनाही छातीठोकपणे बोलता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे आपण मुलांना का सांगतो, त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आणि ही भुकटी घाणेरडी होती काय? मुळीच नाही. ती ९९.६ टक्के शुद्ध होती. अमेरिकेतील मानकानुसार ९८.५ टक्के पुरे होते! उरलेल्या अंशात काय आहे ते क्रोमॅटोग्राफीने तपासले तेव्हा आलेखावर मुख्य शिखराशेजारी अनेक बारीक शिखरे दिसली. त्यांतले एक रुग्णांच्या गोळ्यांत अधिक आढळले. ते निघाले दोन ट्रिप्टोफॅन-रेणू एका छोट्या दुव्याने जोडून बनलेले संयुग. दुसरे एक शिखर ॲनिलीनशी नाते सांगणाऱ्या संयुगाचे होते. तज्ज्ञ सावध झाले, कारण १९८१ साली स्पेनमध्ये ॲनिलीन घातलेले औद्योगिक रेपसीड तेल खाद्यतेल म्हणून विकले गेले होते. त्यातून सुमारे २०,००० लोकांना असाच आजार झाला आणि ३०० हून अधिक मृत्यू झाले होते.

तरीही ‘हाच तो विषारी रेणू’ असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. उंदरांच्या एका जातीला संशयित भुकटी खाऊ घातल्यावर स्नायूंवरचे आवरण जाड झाले. पण पुढच्या प्रयोगांत शुद्ध ट्रिप्टोफॅन अधिक मात्रेत दिलेल्या उंदरांतही काही सौम्य बदल दिसले. १९८० सालीच एस्थर स्टर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी असाच एक रुग्ण नोंदवला होता. तो ट्रिप्टोफॅनपासून सिरोटोनिन बनताना मधल्या पायरीवर येणारे ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन घेत होता. म्हणजे अशुद्धी हे मुख्य कारण दिसत असले तरी अमिनो आम्लाच्या अतिरेकाचाही त्यात वाटा नव्हता, असे ठामपणे म्हणता येत नाही. अशुद्धीचा पाठलाग करून हॉपकिन्स यांनी जे द्रव्य शोधले, त्याच द्रव्यातल्या अशुद्धीचा पाठलाग नव्वद वर्षांनी अनेक प्रयोगशाळांना करावा लागला, आणि तो पुरता संपलेला नाही.

पुढे काय झाले?

ब्रिटनमध्ये ट्रिप्टोफॅन १९९० साली मागे घेतले गेले आणि १९९४ साली इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली परत आले. अमेरिकेत उलटे घडले. १९९४ च्या आहारपूरक पदार्थांच्या कायद्याने अमिनो आम्ले स्पष्टपणे ‘आहारपूरक’ ठरली, आणि अशी वस्तू घातक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मुख्यतः सरकारवर आली. २००१ मध्ये ट्रिप्टोफॅनवरचे निर्बंध सैल झाले, २००५ पर्यंत आयातबंदीही उठली. मधल्या काळात लोक ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅनकडे वळले होते. १९९८ साली त्याच्याही काही नमुन्यांत संशयास्पद अशुद्धी आढळली. भारतात २०१६ साली आरोग्यपूरक पदार्थांचे वेगळे नियम झाले आणि त्यांत अमिनो आम्लांचाही समावेश आहे.

आणि मुळात ट्रिप्टोफॅनचा मनाला उपयोग होतो का? २००२ साली एका आढाव्यात १०८ चाचण्या गोळा केल्या गेल्या. त्यांपैकी विश्वासार्ह म्हणता येतील अशा दोनच निघाल्या, दोन्ही मिळून रुग्ण ६४. त्यांत गुण दिसला. पण ६४ जणांवरून सुरक्षिततेबद्दल काहीच ठरवता येत नाही. जो धोका हजारांत एखाद्याला होतो तो ६४ जणांत दिसणारच नाही. शिवाय ‘सिरोटोनिन कमी म्हणजे उदासी’ हे समीकरणही आता तितके सरळ राहिलेले नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात त्याला सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. त्यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. याचा अर्थ नैराश्यावरची औषधे निरुपयोगी, असा मात्र नव्हे. चालू असलेली औषधे डॉक्टरांना न विचारता कुणीही बंद करू नयेत.

वर्गासाठी

ही गोष्ट वर्गात सांगताना मुलांकडून थोडे गणित करून घ्यावे. प्रौढ माणसाला ट्रिप्टोफॅनची रोजची गरज वजनाच्या दर किलोला सुमारे ४ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला किती? २४० मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या म्हणजे या गरजेच्या सहापट. गोळी ९९.६ टक्के शुद्ध असेल तर १,५०० मिलिग्रॅममागे ‘इतर’ द्रव्य ६ मिलिग्रॅम. वर्षभरात २ ग्रॅमहून अधिक. संशयित संयुगे तर त्याच्याही कितीतरी कमी होती. आता विचारावे : शुद्धतेचा टक्का आपल्याला काय सांगतो, आणि काय सांगत नाही? उरलेल्या अंशात मीठ आहे की विष, हे त्या टक्क्यावरून कळते का?

क्रोमॅटोग्राफीसाठी टीपकागद आणि काळी शाई पुरे. एकच दिसणाऱ्या शाईतून निळा, तांबडा, पिवळा रंग वेगळा होताना पाहिला की ‘एकच शिखर’ आणि ‘शेजारची बारीक शिखरे’ या शब्दांचा अर्थ मुलांना सांगावा लागणार नाही.

वरच्या वर्गातली मुले आता व्यायामशाळेत जाऊ लागली आहेत. अमिनो आम्लांचे डबे त्यांच्या हाती येतात, आणि परीक्षेच्या दिवसांत झोपेसाठी, ताणासाठी ‘नैसर्गिक’ गोळ्यांची शिफारसही त्यांच्या कानावर येते. त्यांना उपदेश करण्यापेक्षा काही प्रश्न विचारायची सवय लावावी. यातले द्रव्य मला अन्नातून किती मिळते आणि या डब्यातून किती? ते कोणी बनवले, कोणत्या घाण्याचे आहे, तपासले कोणी? मी दुसरे काही औषध घेत आहे का, आणि डॉक्टरांना हे सांगितले आहे का? बिघडले तर नोंद कुठे होईल? १९८९ साली अमेरिकेत ही उत्तरे बाटलीवर नव्हती. ती शोधायला तीन स्त्रियांना आधी आजारी पडावे लागले.